त्याला लॉटरी लागली, मुलांची पोटगी मात्र थकलेली : वसुलीसाठी काय करायचे

कोर्टाने मुलांसाठी दरमहा पोटगी ठरवून दिली. बाप ती महिनोन्महिने देत नाही. तारखेला आला की "काम सुटलंय साहेब, हातावर पोट आहे" एवढे एकच वाक्य. आणि एक दिवस कुणाकडून तरी कळते की चौकातल्या लॉटरीच्या टपरीवर त्याच्या बक्षिसाचा फलक लागलाय, पाच लाखांचा. अशा वेळी मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की आता ही रक्कम आपोआप पोटगीत वळती होईल ना?

नाही होत. अमेरिकेतल्या काही राज्यांत होते. कोलोरॅडो, इंडियाना, ओहायो इथल्या कॅसिनोंना मोठे बक्षीस हातात देण्याआधी विजेत्याचे नाव पोटगी थकवणाऱ्यांच्या सरकारी यादीशी ताडून पाहावे लागते. नाव निघाले की थकबाकी कापून घेतात आणि उरलेले विजेत्याला देतात. आपल्याकडे अशी यादी नाही आणि ताडून पाहणारेही कोणी नाही. लॉटरी कार्यालयाला तुमच्या आदेशाचा पत्ता नसतो, कोर्टाला त्याच्या तिकिटाचा. दोघांची गाठ तुम्हालाच घालून द्यावी लागते, आणि तीही रक्कम त्याच्या खात्यात पडायच्या आत घातली तर खरी. हे करायला आपल्या कायद्यात पुरेशी हत्यारे आहेत, फक्त ती मागावी लागतात.

हा लेख महाराष्ट्रातल्या, पहिल्यांदाच वसुलीच्या भानगडीत पडलेल्या आईसाठी आहे. मुले आजीकडे किंवा मामाकडे असतील तर त्यांनाही बराचसा लागू पडेल.

आधी आदेश कोणत्या कायद्याखालचा आहे ते पाहा

पोटगीचा आदेश वेगवेगळ्या कायद्यांखाली होतो आणि वसुलीचा रस्ता त्यावर ठरतो. आदेशाच्या पहिल्या पानावर वरच कलम लिहिलेले असते.

सर्वात जास्त आढळणारा आदेश म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 चा. 1 जुलै 2024 पासून तेच कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 या क्रमांकाने आले आहे. जुना 125 चा आदेश असला तरी घाबरायचे कारण नाही, तो रद्द झालेला नाही. हे कलम कुठल्याही धर्माच्या आईमुलांना चालते, आणि मूल विवाहबाह्य असले तरी चालते. दुसरा प्रकार कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालचा, कलम 20 चा. तिसरा घटस्फोटाच्या दाव्यातला, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24, 25 किंवा 26 खालचा.

कलम 144 च्या आदेशाची एक प्रत ज्याच्या बाजूने आदेश झाला त्याला मोफत द्यायची, असे कायद्यातच लिहिले आहे (नवे कलम 147, जुने 128). काउंटरवर "नक्कल अर्ज भरा, फी भरा" असे सांगितले तर हे कलम नम्रपणे दाखवायचे. त्याच कलमात आणखी एक उपयोगी गोष्ट आहे. तो आज ज्या गावात असेल त्या गावच्या मॅजिस्ट्रेटकडेही आदेशाची अंमलबजावणी मागता येते. आदेश साताऱ्याचा आणि तो राहतो पिंपरीत, तर पिंपरीच्या कोर्टात जाता येते.

आदेशच झाला नसेल तर लॉटरीच्या मागे धावण्यात अर्थ नाही, आधी अंतरिम पोटगीचा अर्ज टाका. नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत तो निकाली काढावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतो. पण सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असे ठरवून दिले आहे, त्यामुळे अर्ज जितक्या लवकर पडेल तितके चांगले.

थकबाकीचा तक्ता, आणि एका वर्षाचा सापळा

वकील नंतर, तक्ता आधी. वहीच्या पानावर तीन रकाने पाडा : महिना, देय रक्कम, मिळालेली रक्कम. मिळालेल्या रकमेपुढे ती कशी मिळाली ते लिहा, म्हणजे बँकेतून, यूपीआयने, की रोख. रोख मिळालेले लपवू नका. तो कोर्टात पावती किंवा साक्षीदार घेऊन उभा राहिला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

हा तक्ता नीट का करायचा, तर कलम 144 मध्ये एक अट दडलेली आहे. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तरच तिच्यासाठी वसुलीचे वॉरंट निघते. आज ना उद्या देईल म्हणून थांबलेल्या किती बायकांचे पैसे या एका ओळीने अडकतात.

उदाहरण घेऊ. दोन मुलांचे मिळून महिना 8,000 रुपये, दर महिन्याच्या 10 तारखेच्या आत द्यायचे, जानेवारी 2025 पासून. फेब्रुवारी 2026 अखेर चौदा महिन्यांचे 1,12,000 झाले. त्याने जून 2025 मध्ये 20,000 बँकेतून पाठवले आणि दिवाळीला 5,000. बाकी 87,000. तुम्ही मार्च 2026 च्या पहिल्या आठवड्यात अर्ज करताय. मग जानेवारी आणि फेब्रुवारी 2025 चे 16,000 वर्षाबाहेर गेले, असे समोरचा वकील म्हणणार.

इथे हिशोब मांडायची पद्धत कामी येते. जूनचे 20,000 पाठवताना त्याने ते कुठल्या महिन्याचे हे लिहिले नसेल, तर ती रक्कम सर्वात जुन्या बाकीत वळती करायची. भारतीय करार कायद्याच्या कलम 60 आणि 61 मधले हे तत्त्व आहे. त्यातून जानेवारी फिटला, फेब्रुवारी फिटला, मार्चमध्ये 4,000 जमा झाले. आता मार्च 2025 ते फेब्रुवारी 2026 या बारा महिन्यांचे 96,000, त्यातून ते 4,000 आणि दिवाळीचे 5,000 वजा. बाकी पुन्हा 87,000, पण सगळी वर्षाच्या आतली. आकडा तोच राहिला, एवढेच की आता समोरच्या वकिलाला त्यातले काही वर्षाबाहेरचे म्हणून कापता येणार नाही. त्याने मात्र पाठवताना "जूनची पोटगी" असे लिहिले असेल तर ही मांडणी चालत नाही. म्हणून बँकेचा उतारा काढून शेरा वाचा.

वर्ष उलटून गेलेच असेल तरी हक्क बुडत नाही. पूनगोडी विरुद्ध थंगवेल (2013) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की ती अट फक्त या झटपट मार्गापुरती आहे, दुसरे दिवाणी मार्ग मोकळे राहतात. आणि एकदा मुदतीत अर्ज पडला की तो चालू असताना पुढे थकत जाणारे महिने त्यात जोडत जाता येतात. घटस्फोटाच्या दाव्यातला दिवाणी हुकूमनामा (डिक्री) असेल तर दरखास्त, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायला 12 वर्षे मिळतात, तिथे ही घाई नाही.

मुलांची शाळेची फी थेट भरली, सायकल घेतली, मोबाइल दिला, असले खर्च तो वजा मागेल. आदेशात तसे लिहिले नसेल तर ती भेट, पोटगी नव्हे, असे तुमच्या बाजूने मांडता येते. शाळेच्या फीबद्दल मात्र कोर्ट कधीकधी ऐकते.

पैसा कुठल्या वाटेने आला त्यावर पुढचे सगळे

जुगाराचा पैसा सगळा सारखा नसतो. काही पैसा मागे कागद ठेवतो, काही नाही, आणि तुमचा वेळ कुठे घालवायचा हे त्यावरूनच ठरवा.

सरकारी लॉटरी सर्वात सोयीची. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 पासून चालू आहे. ती वित्त विभागाखाली येते आणि आयुक्तांचे कार्यालय नवी मुंबईत वाशीला आहे. लहान बक्षीस विक्रेताच देऊन टाकतो, तिथे काही हाती लागत नाही. मोठ्या बक्षिसासाठी मात्र विजेत्याला मूळ तिकीट, पॅन, ओळखपत्र, बँक खात्याचा तपशील असा सगळा पसारा घेऊन दावा करावा लागतो. तिकीट खरे की खोटे ते तपासतात, मग रक्कम खात्यात. तिकीट जमा होणे आणि रक्कम खात्यात पडणे यांच्यामधला जो काळ, तीच तुमची संधी. इतर राज्यांच्या लॉटऱ्याही इथे विकल्या जातात. तिकीट गोव्याच्या किंवा पंजाबच्या लॉटरीचे असेल तर दावा त्या राज्याच्या लॉटरी कार्यालयाकडे जातो, म्हणून तिकीट कोणत्या राज्याचे हे आधी कळले पाहिजे.

निकालात फक्त मालिका आणि क्रमांक छापतात, नाव नाही. नावाचा पुरावा बाहेर शोधावा लागतो. विक्रेते स्वतःहून फलक लावतात, "आमच्या येथे लागलेले बक्षीस" म्हणून, हार घालून, कधी विजेत्याच्या फोटोसकट. त्याचा फोटो काढा, सोडतीची तारीख आणि तिकीट क्रमांक नीट वाचता येईल असा, जवळून. त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसचा स्क्रीनशॉट घ्या. तिकिटाचा फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकायचा मोह आवरणारा माणूस विरळाच. गावच्या बातमीपत्रात आले असेल तर कात्रण ठेवा.

घोड्यांच्या शर्यतीत, म्हणजे मुंबईत महालक्ष्मीला किंवा पुण्यात, जिंकलेल्या तिकिटाचे पैसे खिडकीवर मिळतात. ते थांबवणे जवळजवळ अशक्य. गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या कॅसिनोंचेही तेच. चिप्स दिल्या, रोकड घेतली, बोटीवरून उतरला. महाराष्ट्रात तर कॅसिनो नाहीतच. त्यांच्यासाठी 1976 साली केलेला कायदा कधी अंमलातच आला नाही आणि 2023 मध्ये सरकारने तो रद्द करायचा निर्णय घेतला. अशा ठिकाणचे पैसे "अडवण्या"ऐवजी ते पुढे कुठे गेले याच्या मागावर राहा.

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, रमी काय नि फँटसी क्रिकेट काय, यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला आणि मोठ्या कंपन्यांनी ते खेळ बंद केले. पण त्याआधीच्या वर्षांचे व्यवहार त्याच्या बँक उताऱ्यात जसेच्या तसे आहेत. किती टाकले, किती काढले, सगळे. "मला उत्पन्न नाही" म्हणणाऱ्याच्या खात्यातून दर शनिवारी रमीच्या ॲपवर पैसे गेलेले दिसले की जास्त बोलावे लागत नाही.

उरला मटका. तो बेकायदा, आणि पैजेचे पैसे करार कायद्याच्या कलम 30 मुळे कोर्टातून मागताच येत नाहीत. म्हणजे बुकीकडे त्याचे कायदेशीर येणे असे काही नसतेच, मग जप्त काय करणार? मटक्यावाल्याच्या मागे लागू नका. ते धोक्याचेही आहे. त्या पैशातून घेतलेली गाडी मात्र त्याच्याच नावावर असते, तिच्याकडे लक्ष ठेवा.

करकपातीचा माग

दहा हजारांवरच्या लॉटरी किंवा शर्यतीच्या बक्षिसातून 30 टक्के कर आधीच कापला जातो. 2023 पासून ऑनलाइन खेळांच्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवरही अशीच कपात सुरू झाली. ही कपात त्याच्या पॅनवर नोंदते आणि 26 एएस व एआयएस या आयकर खात्याच्या विवरणांत कापणाऱ्याच्या नावासह दिसते. लॉटरीचे पैसे गावाला न सांगता घेता येतील, आयकर खात्याला न सांगता नाही.

ही विवरणे तुम्हाला थेट मिळणार नाहीत. माहिती अधिकारात अर्ज करा असा सल्ला अनेक जण देतील. त्यावर विसंबू नका, नवऱ्याचा कराचा तपशील ही वैयक्तिक माहिती आहे म्हणून नकार येतो आणि अपिलात वर्ष जाते. सरळ रस्ता कोर्टातून आहे. रजनेश-नेहा निकालाने पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्याघेण्याचे शपथपत्र देणे सक्तीचे केले आहे. त्याचे शपथपत्र जुने असेल तर नवे मागा, आणि सोबत गेल्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, 26 एएस, एआयएस आणि सगळ्या खात्यांचे उतारे हजर करण्याचा आदेश मागा. दिवाणी दरखास्त असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21 (ऑर्डर 21) नियम 41 खाली त्याला कोर्टात उभे करून मालमत्तेबद्दल तपासता येते. शपथपत्र द्यायचा आदेश मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेची तरतूद त्याच नियमात आहे.

एक लक्षात घ्या. पाच लाख "लागले" म्हणजे हातात साडेतीन लाखच येतात. अर्जात पाच लाखांवर डोळा ठेवून मागणी केली तर पहिल्याच तारखेला समोरचा वकील कराचा मुद्दा काढून तुम्हाला अडाणी ठरवतो.

पैसे अडवण्याचा अर्ज

हाच खरा गाभा. तीन वाटा आहेत.

माझ्या मते सर्वात धारदार हत्यार कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आहे, आणि ते फार कमी वापरले जाते. कलम 20(6) म्हणते की मॅजिस्ट्रेट सामनेवाल्याच्या मालकाला किंवा त्याच्या ऋणकोला, म्हणजे ज्याच्याकडून त्याला पैसे येणे आहेत त्याला, ती रक्कम थेट बाईला द्यायला किंवा कोर्टात जमा करायला सांगू शकतात. बक्षीस मंजूर होऊन अजून दिलेले नाही, म्हणजे लॉटरी कार्यालय त्याचे देणे लागते. कलम अगदी चपखल बसते. जोडीला कलम 18 खाली त्याने मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करू नये, खाते रिकामे करू नये अशी मनाई मागता येते, आणि कलम 23 खाली हे सगळे एकतर्फी, त्याला नोटीस जाण्याआधी. पोटगीचा आदेश 144 खालचा असला तरी वाट बंद नाही. कलम 26 मुळे हे दिलासे फौजदारी किंवा कौटुंबिक न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणातही मागता येतात, आणि हक्काची पोटगी न देणे हा आर्थिक छळच आहे.

दुसरी वाट कलम 144 ची. दंड वसूल करतात तसे वॉरंट निघते (कलम 461), जंगम मालाची जप्ती किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत महसुली थकबाकीसारखी वसुली.

तिसरी दिवाणी दरखास्तीची. आदेश 21 च्या नियम 46 आणि 46अ खाली तिसऱ्या माणसाकडे असलेले त्याचे येणे जप्त होते, आणि रक्कम सरकारी अधिकाऱ्याच्या ताब्यात असेल तर नियम 52 खाली त्या अधिकाऱ्याला नोटीस जाते. कोणता नियम लावायचा ते वकील ठरवील, पण हे नियम आहेत हे तुम्हाला ठाऊक असावे. पगार, भविष्य निर्वाह निधी, पेन्शन यांना दिवाणी संहितेच्या कलम 60 मध्ये कमीजास्त संरक्षण आहे. लॉटरीच्या बक्षिसाला ते नाही.

अर्जातला मागणीचा परिच्छेद साधारण असा असतो :

"गैरअर्जदाराने अर्जदार क्र. 2 व 3 या अज्ञान मुलांच्या पोटगीपैकी 87,000 रुपये थकवले आहेत. हिशोबाचा तक्ता सोबत जोडला आहे. गैरअर्जदारास महाराष्ट्र राज्य लॉटरीच्या दिनांक … च्या सोडतीत तिकीट क्रमांक … वर बक्षीस लागले असून ते अद्याप अदा झालेले नाही, अशी अर्जदाराची माहिती आहे. तरी आयुक्त, महाराष्ट्र राज्य लॉटरी यांनी सदर बक्षिसापैकी 87,000 रुपये गैरअर्जदारास अदा न करता या न्यायालयात जमा करावेत असा आदेश व्हावा. तसेच सदर तिकीट अथवा बक्षिसाची रक्कम अन्य कोणाच्या नावे करण्यास गैरअर्जदारास मनाई व्हावी."

रक्कम नेमकी, सोडतीची तारीख नेमकी, कार्यालयाचे नाव नेमके. "त्याला जुगारात खूप पैसे मिळाले आहेत, योग्य तो आदेश व्हावा" असे लिहिलेल्या अर्जावर "सामनेवाल्याचे म्हणणे मागवा" एवढाच शेरा पडतो, आणि ते म्हणणे येईपर्यंत पैसे संपलेले असतात. अर्जासोबत वेगळा तातडीचा अर्ज द्या आणि त्यात घाई का आहे ते दोन ओळींत लिहा.

आदेश झाला की त्याच दिवशी "हमदस्त" मागा, म्हणजे बजावणी तुमच्या हाती. टपालाच्या भरवशावर राहू नका. प्रत स्वतः वाशीच्या कार्यालयात आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, आणि ती प्रत पुढच्या तारखेला कोर्टात दाखल करा. नुसता स्वतःचा तक्रार अर्ज घेऊन आदेशाविना गेलात तर कार्यालय काहीही करू शकत नाही, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. तिकीट ज्याच्या हातात त्याला पैसे देणे हे त्यांचे काम.

पैसे आधीच निघून गेले असतील तर

बहुतेक वेळा हेच होते. मग बक्षीस विसरा आणि वस्तू शोधा. बक्षीस लागल्यानंतरच्या महिन्यांत काय नवे आले? दुचाकी, सोने, घराचा स्लॅब, गावाकडे दोन गुंठे? सातबारा ऑनलाइन कुणालाही पाहता येतो. जमीन घेतलेली दिसली तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुली मागा, म्हणजे प्रकरण तहसीलदारांकडे येते आणि सातबाऱ्यावर बोजा चढू शकतो. बोजा चढला की जमीन विकणे कठीण होते, आणि मग भावकीतलेच लोक त्याला पैसे भरायला लावतात. बँक खाते ठाऊक असेल तर शाखेचे नाव देऊन खात्यातली रक्कम जप्त करायला सांगा. जुन्या चेकवर किंवा मुलांच्या शाळेच्या पावतीवर खाते क्रमांक सापडतो.

तो नोकरीत असेल तर लॉटरीपेक्षा पगार बरा. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित असतो, दोन तृतीयांशपर्यंत जप्ती होऊ शकते. इतर कर्जांच्या वसुलीत गणित जवळपास उलटे असते.

त्याची ठरलेली उत्तरे

"तिकीट आम्ही चार मित्रांनी मिळून काढले होते." असेल. मग चौघांची नावे, प्रत्येकाने किती घातले, आणि वाटणी बँकेतून झाली का, हे शपथेवर सांगायला लावा. कर त्याच्या एकट्याच्या पॅनवर कापला गेला असेल तर ही गोष्ट टिकणे अवघड.

"दावा भावाच्या नावाने केलाय." हे जास्त त्रासदायक. फलकावरचा फोटो आणि स्टेटस यांचा खरा उपयोग इथे होतो.

"जिंकलो त्याच्या दुप्पट हरलोय." खरेही असेल. पण हरायला पैसे होते, मुलांच्या फीला नव्हते, हे त्याच्याच तोंडून नोंदले गेले तर "पुरेसे कारण नसताना" थकवले हा कायद्यातला मुद्दा तुमच्या बाजूने सिद्ध होतो. त्याला बोलू द्या.

"कर्ज फेडले." कर्ज कुणाचे, कागद कुठे? आणि मुलांच्या पोटगीआधी हातउसने फेडायचा अधिकार कुणी दिला?

कैदेची घाई करू नका

रक्कम वसूल झाली नाही तर प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत, किंवा त्याआधी पैसे भरेपर्यंत, कैद होऊ शकते. बरेच वकील पहिल्याच दिवशी हा अर्ज टाकतात, कारण अटकेच्या वॉरंटला माणूस घाबरतो. भीती खरीच लागू पडते. पण लॉटरीचे पैसे समोर दिसत असताना आधी कैद मागणे मला पटत नाही. तो पोलिसांना चुकवत फिरतो, तोवर रक्कम खात्यात पडते आणि भावाच्या नावावर जाते. आधी पैसे अडवा, कैद मागच्या खिशात ठेवा. आणि कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही. कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितले आहे, तुरुंग हा वसुलीचा दबाव आहे, मोबदला नव्हे. "बसून येतो महिनाभर, मग मिटलं" असे तो म्हणत असेल तर त्याला चुकीचा सल्ला मिळाला आहे.

पैसे पाहून तडजोडीची बोलणी निघतातच. तडजोडीला हरकत नाही, पण एकरकमी घेऊन पुढची पोटगी कायमची सोडायला सांगत असतील तर सही करू नका, तो हक्क मुलांचा आहे. त्यापेक्षा थकबाकी रोखीत आणि बक्षिसातला काही भाग मुलांच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव, अठराव्या वर्षापर्यंत कोर्टाच्या परवानगीशिवाय मोडायची नाही, असे लिहून घ्या. एकदा लागलेल्या लॉटरीने दरमहाची रक्कम सहसा वाढत नाही. पण त्या पैशातून त्याने गाळा घेऊन भाड्याने दिला असेल, तर परिस्थिती बदलली म्हणून कलम 146 खाली वाढ मागता येते.

तो किंवा तुम्ही अमेरिकेत असाल तर

न्यू जर्सी, न्यूयॉर्क इथे मराठी घरे पुष्कळ. या दोन्ही राज्यांत 600 डॉलरच्या पुढच्या लॉटरी बक्षिसातून थकलेली पोटगी कापून घेतात. पण हे आपोआप होण्यासाठी तुमचे प्रकरण काउंटीच्या चाइल्ड सपोर्ट कार्यालयात नोंदलेले असावे लागते. कोर्टाचा आदेश आहे पण पैसे आपापसांत खासगी चालतात, अशांचे नाव यादीत सहसा नसते. म्हणून बक्षिसाची वाट न पाहता आधी नोंदणी करा. थकबाकी 2,500 डॉलरच्या पुढे गेली की अमेरिकी पासपोर्टही अडतो, आणि अमेरिकी नागरिक झालेला माणूस भारतात यायचे ठरवतो तेव्हा हा उपाय लॉटरीपेक्षा प्रभावी ठरतो.

खर्च, आणि पैसे आल्यावर

महाराष्ट्रात 1994 पासून पोटगीच्या प्रकरणात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. वकीलही मोफत मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते, आणि 15100 या क्रमांकावर फोन करता येतो. आदेशाची प्रत, तक्ता, फलकाचा फोटो आणि स्वतःचे बँक पासबुक घेऊन जा. मिळालेला वकील नवखा असेल तर कलम 20(6) चा कागद त्याच्यापुढे ठेवायला संकोच करू नका.

रक्कम कोर्टात जमा झाली तरी ती आपणहून तुमच्याकडे येत नाही. रक्कम काढण्याचा वेगळा अर्ज करावा लागतो, त्यावर ओळख आणि खाते क्रमांक लागतो. पैसे मिळाले की "अमुक रक्कम मिळाली, अमुक महिन्यापर्यंतची बाकी फिटली" अशी पुरसिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, द्या. त्यात "प्रकरण मिटले" असे शब्द कुणी घातले असतील तर ते खोडायला लावून मगच सही करा. पुढच्या महिन्याची 10 तारीख वहीत लिहून ठेवा, आणि त्या तारखेला पैसे आले नाहीत तर तक्त्यात नवी ओळ सुरू करा.